आदी तुमी बोला

आमच्या कार्यक्रमांना पाहुणे उशिरा येत आणि शांतारामभाऊ फार लवकर येत. मला दोन्हींचा त्रास. पाहुणे उशिरा आले तर चहा गार होतो, एवढंच. पण शांतारामभाऊ लवकर आले की मी सकाळपासून ओळीत मांडलेल्या खुर्च्या मोडून त्यांचं गोल रिंगण करून ठेवत.

"अहो भाऊ, निम्म्या लोकांची पाहुण्यांकडे पाठ होते ना!" मी वैतागून म्हणायची.

"मंग पाव्हण्याला बी रिंगनात घ्या की," असं म्हणत ते पुढची खुर्ची उचलायचे.

कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. कागदी कपातला चहा त्यांना चालत नसे. आमचा सगळा कार्यक्रम होईपर्यंत तो पेला त्यांच्या मांडीवर असायचा. हल्ली ते येत नाहीत. खुर्च्या मी मांडते तशा ओळीत राहतात, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

मी पौडला एका संस्थेत कामाला आहे. ग्रामविकास, लोकसहभागातून परिसराचं पुनरुज्जीवन, अशा विषयांवर आम्ही जाहीर परिसंवाद भरवतो. कधी पौडच्या एखाद्या मंगल कार्यालयात, कधी लवळ्याला कॉलेजच्या सभागृहात. हॉल ठरवायचा, बॅनर छापून आणायचा, शाल आणि नारळ आणायचे, आणि वक्ता थांबेना की त्याच्यासमोर 'दोन मिनिटं राहिली' अशी चिठ्ठी सरकवायची, ही माझी कामं. इतकी वर्षं ऐकून ऐकून ग्रामविकास माझ्या डोक्यात असा भरलाय, की उद्या एखादा वक्ता आला नाही तर मी उभी राहीन आणि कुणाला फरक कळणार नाही.

शांतारामभाऊ माले गावाच्या पुढच्या, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. थोडी भातशेती, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्यात कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण त्यांच्यावाचून वाडीची बैठक भरत नसे. बैठकीची त्यांची एक पद्धत होती. विषय काय तो सांगायचा आणि गप्प बसायचं. सगळे बोलून होईपर्यंत स्वतः तोंड उघडायचं नाही. कुणी म्हणालंच, "भाऊ, तुमी सांगा," तर उत्तर ठरलेलं, "आदी तुमी बोला." मग नजर सगळ्यांवरून फिरत फिरत दाराशी जाऊन थांबायची. "दारातलं बोलंल आता."

मी एकदा विचारलं, दारातल्याचंच काय एवढं?

"दारात बसतो त्यो एक तर लाजतोय, न्हाईतर चिडलाय. दोगांचं बी ऐकाया लागतं."

"आणि तुम्ही स्वतः आधी का नाही बोलत?"

"मी बोल्लो की गाव गप बसतं ओ. मंग त्ये माजंच ऱ्हातं, गावाचं हुत न्हाई."

आमच्या संस्थेचे संचालक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी लवळ्याच्या एका परिसंवादात एक अख्खं सत्र भाऊंच्या हाती दिलं. विषय होता 'आपल्या गावाचं स्वप्न'. रंगीत चिठ्ठ्या होत्या, स्केचपेनं होती, दिल्लीहून आलेले एक पाहुणे होते. भाऊंनी विषय सांगितला आणि गप्प बसले. सभागृहही गप्प. विद्यार्थी गप्प, प्राध्यापक गप्प, टेंपोतून आणलेली गावाकडची माणसं तर आधीपासूनच गप्प. सर माझ्याकडे बघतायत, मी भाऊंकडे, भाऊ दाराकडे. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला, पुन्हा घड्याळ पाहिलं. शेवटी दाराशी बसलेले एक आजोबा काठी टेकत उठले. सगळ्यांच्या माना वळल्या. सरांनी मला फोटो काढायची खूण केली.

आजोबा म्हणाले, "जेवान हितंच हाय का खाली?"

सभागृह हसून हसून कोसळलं. भाऊ मात्र हसले नाहीत. "बराबर बोल्ला त्यो. भुका लागल्यात. आदी जेवू, मंग सपनाचं बगू." आम्ही जेवलो, आणि स्वप्नाचं राहिलं ते राहिलंच. पुढे आठवडाभर सर माझ्यावर डाफरत होते, जशी काही आजोबांना भूक मीच लावली होती.

सत्कार मात्र प्रत्येक वेळी व्हायचा. शाल ते परतीच्या वाटेवर कुणाला तरी देऊन टाकत. नारळ कधी दिला नाही. तो पिशवीत घालून वाडीत न्यायचे आणि घरी न थांबता सरळ वर राईत जाऊन भैरोबापुढे फोडायचे. "सत्कार माजा न्हवं, त्याचा हाय," म्हणायचे.

या राईमुळेच खरं तर भाऊ आमच्याकडे आले. त्यांच्या वाडीच्या डोक्यावर भैरोबाची देवराई. मधोमध उघड्यावर शेंदूर लावलेला दगड, त्याच्याभोवती हिरडे, बेहडे, जांभळी, आणि झाडाझाडांवर चढलेली गारंबीची वेल. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा नेम. पण नेम माणसांना, शेरडांना कुठला? बाहेरच्या कडेनं राई खाऊन खाऊन विरळ झाली, वणव्यात आणखी थोडी गेली, आणि तिच्या पायथ्याच्या टाक्यातलं झऱ्याचं पाणी होळीलाच आटायला लागलं. भाऊंनी बैठकीत विषय काढला. कुणी बोललं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा काढला. पुन्हा कुणी नाही. वर्ष गेलं असं. सीताबाई, म्हणजे भाऊंची बायको, अजून त्या वर्षाचं नाव काढलं की कपाळाला हात लावते. "ह्ये घुम्यावानी बसायचं, आन मी समद्या वाडीला च्या पाजायचा!"

शेवटी दारात बसलेली बारकाबाई तडकली. वाडीत सगळ्यात जास्त शेरडं तिची. "समदी माज्याच तोंडाकडं बगताय व्हय? जावा, न्हाई सोडत राईत शेरडं! पन मंग कुनाचंच जनावर जायाचं न्हाई, सांगून ठिवते!"

झालं. बारकाबाईचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. दोन-चार पावसाळ्यांत राई पुन्हा दाटली. टाक्यात वैशाखापर्यंत पाणी राहू लागलं. सरांनी त्याच्या स्लाइड केल्या आणि वर लिहिलं, 'लोकांनी ठरवलं, लोकांनी केलं'. तेव्हापासून आमचा एकही परिसंवाद त्या स्लाइडशिवाय झालेला नाही.

मग वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला. पोरं हिंजवडीला जाऊ लागली, कुणी कंपनीच्या कॅबवर, कुणी सिक्युरिटीत, कुणी कँटीनला. भाऊंच्या धाकट्या भावाचा मुलगा विलास, त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या झाल्या. गुणी मुलगा. रात्री-अपरात्री वाडीत कुणी आजारी पडलं तर न विचारता गाडी काढणारा. मला एकदा पौडला सोडताना म्हणाला, "म्याडम, सगळ्या गावांच्या देवांना मंदिरं झाली. आमचा भैरोबा अजून पावसात भिजतोय. मित्रांना जत्रेला बोलवायचं म्हणजे लाज वाटते ओ." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला विचारतात की त्या विलासला कुणी फितवलं होतं का. कुणी नव्हतं फितवलं. त्याचं त्याच्या देवावर प्रेम होतं.

राईत भैरोबाच्या जागीच मंदिर, पुढे सभामंडप, ट्रक वर जाईल असा रस्ता आणि गाड्या लावायला जागा, असा विलासचा आणि पोरांचा बेत. म्हणजे राईचं पोटच जाणार होतं. त्या बैठकीला मी हजर होते. सरांनीच पाठवलं होतं, भाऊंच्या पद्धतीचा व्हिडिओ करून आणायला. शाळेच्या खोलीत सगळी वाडी जमली होती. जागा नव्हती म्हणून मी उंबऱ्यात टेकले.

भाऊंनी विषय सांगितला आणि गप्प बसले. त्या दिवशी मात्र कुणी गप्प बसेना. आधी एकेक, मग सगळेच. पोरं बोलली, त्यांचे बाप बोलले. बारकाबाई म्हणाली, "चिखलात बसून बसून कंबार गेली माजी. मेल्यावर बसू का फरशीवर?" सगळे हसले. इतकी मोकळी, इतकी भरलेली बैठक मी कुठल्या परिसंवादात पाहिली नाही. आम्ही ज्याला लोकसहभाग म्हणतो ना, तो हाच, समोर, जिताजागता.

भाऊंची नजर फिरत फिरत दाराशी आली. दारात मी.

"दारातल्या बाई बोलतील आता."

मी बोलले. मोबाइल खाली ठेवला आणि मनापासून बोलले. झाडं गेली तर झरा जाईल, देव झाडांमुळे देव आहे, मंदिर वाडीतच बांधा, हवं तर मी वर्गणी गोळा करते. बोलून थांबले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "म्याडम एकदम भारी बोलल्या," विलास म्हणाला, अगदी खरं खरं. बारकाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, चहाचा कप हातात दिला. आणि फरशी पांढरी घालायची की लाल, यावर बोलणं पुढे सुरू झालं.

आयुष्यभर मी वक्त्यांसाठी टाळ्या वाजवत आले. त्या अंगावर पडल्या की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. कुठे तोंड लपवावं ते कळेना.

शेवटी भाऊ. "राई तोडू ने, आसं मला वाटतं." एवढंच बोलले. कारण नाही, भाषण नाही.

विलास उठला, चुलत्याच्या पाया पडला आणि हात जोडून म्हणाला, "काका, तुमीच शिकवलं, गाव ठरवंल त्ये. आता गावानं ठरवलं."

भाऊंनी मांडीवरचा पेला उगाच फिरवला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मंग देवाला इचारा. घर त्याचं हाय."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू! कौल लावायचा म्हणजे ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवाच्या दगडाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आणि स्वतःचं घर तोडायला कुठला देव होकार देईल? धोंडीबा गुरव तर राईतल्या पाखरालाही दगड न मारणारा माणूस. भाऊ अगदी निश्चिंत होते. चढताना मला म्हणाले, "बगा आता."

सगळी वाडी राईत उभी राहिली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. वारा नव्हता. भाऊ हात जोडून माझ्या शेजारीच उभे होते. आधी त्यांचे ओठ नुसते हलत होते, मग मला ऐकू आलं, "डावी दे, बाबा. डावी दे."

उजवी पडली.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" राई दणाणून गेली. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. भाऊ दगडाकडे बघत राहिले. नंतर तेही म्हणाले, "चांगभलं." आवाज निघाला नाही, तोंड तेवढं हललं.

पुढचे काही दिवस मी त्यांच्या ओट्यावर ठिय्या मारला. वनखात्याकडे तक्रार गेली तर काम थांबू शकतं, तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी धावपळ मी करते, असं परोपरीनं सांगितलं. सीताबाई आतून ओरडली, "आता तरी त्वांड उघडा की वो! बारकीनं येकदा उघडलं त राई वाचली."

"गावाच्या विरुद्ध मी तक्रार करू?" भाऊ म्हणाले. "आज तक्रार करून राई वाचवीन, बाई. उद्या दुसरा कुनी तक्रार करून दुसरं कायतरी मोडंल. मंग गावाला कशाला इचारायचं? आजवर मी क्येलं काय मंग?"

"पण चुकतंय ना गाव!"

"चुकतंय," ते म्हणाले. "माजं गाव हाय."

मला त्यांचा राग आला. असा राग आला की मी चप्पल घालून चालू पडले. तो राग अजून गेलेला नाही. सरांकडे गेले, तर सर म्हणाले, "आपल्या बॅनरवर काय लिहिलंय? 'गावाचा निर्णय गावाचा'. आपण गावाविरुद्ध कसं जायचं?" बॅनर मीच छापून आणला होता.

त्यानंतर लवळ्याला आमचा मोठा परिसंवाद झाला. पत्रिका आधीच गेल्या होत्या, त्यात भाऊंचं नाव होतं. येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले, पण वेळेवर आले, आणि खुर्च्यांना हात लावला नाही. दाखवलं त्या जागी, व्यासपीठावर बसले. मागच्या पडद्यावर त्यांची राई, हिरवीगार, सभागृहाच्या भिंतीएवढी. मी स्लाइड बदलायचं सुचवलं होतं. सर म्हणाले होते, "अजून तोडलेली नाहीये ना? मग खोटं काय आहे त्यात?"

एका मुलीनं उठून विचारलं, "तुमच्या गावासारखं आम्हाला आमच्या गावात करायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची?" चांगली मुलगी होती, वही उघडून उभी होती.

भाऊंनी माइक धरला. पडद्याकडे वळून पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. आता सगळं सांगतील.

"आदी तुमी बोला," ते म्हणाले.

सभागृहात कडकडून टाळ्या. सरांनी मान डोलावली, मुलीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. भाऊ माइक हातात धरून तसेच बसून होते. तिनं बोलावं म्हणून ते खरोखरच थांबले होते. कुणालाच ते कळलं नाही. निवेदकानं पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं, आणि मी जाऊन त्यांच्या हातातला माइक घेतला.

जाताना त्यांना पौडच्या स्टँडवर सोडलं. उतरताना त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमी ऱ्हाऊ द्या. चटनी करा."

मी घरी येऊन रडले. नारळ फोडवला नाही माझ्याच्यानं, कितीतरी दिवस तसाच फडताळात पडून होता.

भाऊंना शेवटचं पाहिलं ते झाडं पाडायच्या दिवशी. मी जाणार नव्हते, पण राहवेना. वर पोचले तेव्हा बरीच झाडं आडवी झाली होती. ऊन थेट जमिनीवर येत होतं. त्या जागी ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. मशीनची करवत घेऊन बाहेरची माणसं आली होती, आणि शेवटी राहिलेल्या एका जुन्या बेहड्याशी येऊन अडली होती. बेहडा टाक्याकडे कललेला. तसाच पाडला तर टाक्यावर पडणार, दगड फुटणार, झरा बुजणार.

भाऊ तिथेच होते. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. वाडीतून जाड दोर मागवून त्यांनी वरच्या फांदीला बांधून घेतला होता, आणि झाड उलट अंगाला ओढायला सगळी वाडी दोराला लावली होती. विलास होता, धोंडीबा गुरव होता, पदर खोचून बारकाबाईसुद्धा होती. भाऊ सगळ्यात पुढे. मला पाहिलं त्यांनी. ओळख दिली नाही, दोराचं टोक तेवढं माझ्या बाजूला सरकवलं. मी धरलं. दुसरं काय करणार होते?

करवत थांबली. आता सगळ्यांनी एका दमात ओढायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी हाळी द्यायला हवी होती. सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊंनी सवयीप्रमाणे नजर फिरवली, विलासवरून, गुरवावरून, बारकाबाईवरून, पार माझ्यापर्यंत, आणि थांबले. कुणीतरी बोलेल म्हणून थांबले. झाड करकरलं. कुणी बोललं नाही.

"वढा!" भाऊ ओरडले.

गावानं ऐकलं.